निवडुंग बोललं

दुसरी थप्पड बसली आणि सोफ्यामागून निवडुंग बोललं, "आवाज काढलास तर जीव घेईन."

वाक्य रणजीतचंच होतं, आत्ताच बायकोला सुनावलेलं. आवाज मात्र बारीक आणि चिरका. रणजीतचा हात हवेत थांबला. त्याच्या कपाळाची शीर तटतटली.

सुनयना ओट्याला टेकून उभी होती. ओठ फुटला होता, पण तिला धास्ती वेगळीच होती. आज निवडुंगातले सेल काढायचे राहिले, असं तिच्या मनात आलं.

ते निवडुंग म्हणजे खेळणं. हिरव्या मऊ कापडाचं, बटबटीत डोळ्यांचं. गाणं म्हणत डोलायचं आणि समोरचा जे बोलेल ते चिरक्या आवाजात परत म्हणायचं. वाशीच्या फुटपाथवरून सुनयनाने ते लेकीसाठी, पायलसाठी आणलं होतं. पायलला चौथं वर्ष लागलं होतं आणि तोंडातून अजून एक शब्द नव्हता. डॉक्टर म्हणाले, कान उत्तम आहेत. थेरपीच्या मॅडम म्हणाल्या, तिच्यासमोर सारखं बोलत राहा, जे रोज ऐकेल तेच आधी बोलेल. मग रणजीत रबाळ्याला कंपनीत गेला की ऐरोलीच्या त्या वन बीएचकेत दिवसभर सुनयना बोलायची आणि निवडुंग बोलायचं. आई म्हण, पाणी म्हण. पायल निवडुंगाला पोटाशी धरून नुसती बघत राहायची. सुनयनाला दुसरं काही नको होतं. एकदा 'आई' ऐकायचं होतं.

संध्याकाळची तऱ्हा निराळी. लिफ्टचं दार वाजलं की सुनयना निवडुंगातले सेल काढून टीव्हीच्या रिमोटमध्ये घालायची. कारण एकदा साताऱ्याचे पाहुणे बसलेले असताना रणजीत तिला हळूच शिवी घालून गेला आणि त्या खुळ्या खेळण्याने ती डोलत डोलत सगळ्यांना ऐकवली. पाहुणे पोट धरून हसले. ते गेल्यावर सुनयनाची पाठ काळीनिळी झाली. परत बोललं तर फोडून टाकीन, असं रणजीतने तेव्हाच बजावलं होतं.

रणजीतचीही एक रीत होती. हात उचलायच्या आधी तो रिमोट घेऊन टीव्हीचा आवाज वाढवायचा. सोसायटीला वाटायचं, या माणसाला बातम्यांचं भारी वेड. खरं काय ते सुनयनाच्या आईला तेवढं ठाऊक होतं. ती म्हणायची, घरोघरी मातीच्या चुली. असं म्हणणाऱ्यांच्या घरी एकदा तो रिमोट पाठवून द्यायला हवा.

आजही त्याने आवाज वाढवला होता. निमित्त काय, तर आमटी अळणी. आवाज वाढताच पायल नेहमीसारखी निवडुंग घेऊन सोफ्यामागे गेली होती.

रणजीतने तिथे हात घालून निवडुंग ओढून काढलं आणि भिंतीवर आपटलं. मग खलबत्त्यातला बत्ता घेतला. "पोरीचंय ते," म्हणत सुनयना आडवी आली. घाव तिच्या मनगटावर बसला, हाड कट्कन वाजलं. त्याने तिला लाथेने बाजूला सारलं आणि निवडुंगाचा पार भुगा करून टाकला. कापूस आणि वायरी खोलीभर झाल्या.

"बोल आता," तो धापा टाकत म्हणाला.

"आवाज काढलास तर जीव घेईन."

रणजीतने निवडुंगाचा बुडखा उचलून उलटा केला. सेलची जागा रिकामी होती. सुनयनानेही ते पाहिलं आणि तिला आठवलं. लिफ्ट वाजली तेव्हा तिने सेल काढले होते. ती विसरली नव्हती. ते रिमोटमध्ये होते, म्हणून तर त्याला टीव्हीचा आवाज वाढवता आला.

सोफ्यामागे पायल बसली होती. निवडुंगाचा तुटलेला हात तिच्या मुठीत होता. तो ती फरशीवर आपटत होती आणि प्रत्येक फटक्याला तेच वाक्य म्हणत होती.

रणजीत तिच्याकडे वळला. बत्ता हातातच होता. सुनयनाने सोफ्यावरचा रिमोट धडक्या हाताने उचलला आणि टीव्ही बंद केला. घर एकदम गप्प झालं. शेजारच्यांची भांडी ऐकू येऊ लागली, म्हणजे इकडचंही तिकडे जाणार होतं. रणजीतचा हात खाली आला. अशा शांततेत मारायची त्याला सवय नव्हती.

सुनयनाने पोरीला कडेवर घेतलं, दार उघडलं आणि ती बाहेर पडली. जिन्यात येऊन म्हणाली, "बोल बाळा. आता पाहिजे तेवढं मोठ्यांदा बोल."

पायलने तिच्या फुटलेल्या ओठावर बोट ठेवलं.

"आई, आवाज नको," ती कुजबुजली. "पप्पा जीव घेतील."

पोर मुकी नव्हती. इतकी वर्षं ती बापाचा हुकूम पाळत होती.