शेजारची कात

"अक्का, तुमचा साप दुर्मीळ जातीचा निघाला! दिसतो अगदी साध्यासारखा, पण डीएनए वेगळा. आता याला सोडायचं नाही हं," डॉक्टरबाई हरखून म्हणाल्या. सापघर सांभाळणाऱ्या अक्का त्याच्या काचेच्या पेटीशी वाकल्या. काचेवर घासून घासून त्या बिचाऱ्याच्या नाकाचं सालटं निघालं होतं. या आठवड्यात तो रानात जाणार म्हणून अक्कांनीच दिवस मोजले होते.

"खात्रीसाठी पुन्हा एकदा तपासू. त्याची कात पाठवून द्या."

अक्कांनी इकडेतिकडे पाहिलं आणि शेजारच्या पेटीतल्या मादीची कात पाकिटात घातली. ती साध्या जातीची, हे सगळेच धरून चालले होते. तिची तपासणी करायचं कुणाच्या मनातही आलं नव्हतं. 'पहिल्या वेळी चूक झाली म्हणतील आणि सोडतील याला,' अक्का मनाशी म्हणाल्या.

अहवाल आला तेव्हा अक्का त्याच मादीला कापडी पिशवीत घेऊन गाडीकडे निघाल्या होत्या. साधी म्हणून तिला रानात सोडायचं होतं. डॉक्टरबाई जिन्यात भेटल्या.

"पुन्हा दुर्मीळच आलं, अक्का! आता शंकाच नको." मग त्यांचा आवाज खाली आला. "पण काय उपयोग? जन्मभर एकटाच राहणार तो इथे. एखादी मादी मिळाली असती, तर वंश तरी वाचला असता."

पिशवीत वळवळ झाली, आणि अक्कांना पुढेही जाववेना, मागेही फिरवेना.