गरुडाचं जेवण

भीमेच्या पाण्यातली सुगंधाची ती सकाळपासूनची तिसरी फेरी होती. वल्हं मारून तिचे खांदे भरून आले होते. होडीत प्रवासी म्हणून एकटे दीक्षित सर होते, सोलापूरचे निवृत्त शिक्षक. मासेमार गरुडाचा उडतानाचा फोटो मिळावा म्हणून ते सलग चौथ्या हिवाळ्यात आले होते.

गरुड दिसला तो पाण्यातल्या वाळक्या बाभळीवर, पंजाखाली मासा दाबून बसलेला.

"जरा टाळ्या वाजवा, म्हणजे उडेल," सर कुजबुजले.

"नाही सर. सकाळपासून बघतेय मी. चार बुड्या वाया गेल्यावर आत्ता कुठं मासा घावलाय त्याला. खाऊ द्या."

"मग मी पुन्हा तुमच्या होडीत बसणार नाही."

"नका बसू," सुगंधा म्हणाली. वाद घालायचंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

सर कॅमेरा रोखून बसले. गरुड सावकाश खात राहिला. थंडीतलं ऊन पाठीवर आलं, होडी डुलत राहिली आणि पहाटे तीनला उठलेल्या सरांची मान हळूहळू खाली गेली.

तेवढ्यात गरुडानं पंख उघडले. तिनं हाक मारली, पण सर डोळे चोळेपर्यंत तो पलीकडच्या काठाला पोचला होता.

"गेला?"

"गेला."

आता हे चिडणार, असं तिला वाटलं. पण सरांनी कॅमेरा मांडीवर ठेवला. मग हळू आवाजात म्हणाले, "कसा उडाला?"

सुगंधानं वल्हं आडवं ठेवलं आणि होडीत उभं राहून दुखणारे दोन्ही हात पसरले.