पाठीमागचं तांबडं बटण

"आन् हे मामा? हे कशाचं?"

"टर्बो," अर्जुना म्हणाला. "दाबलं की वरचा आकडा वाढतोय. मेंढरामागं कुत्रं सोडल्यागत यंतर पळतंय."

"ह्यो बारका?"

"रिसेट. तू कामात असताना ह्याला शिवायचं न्हाई. न्हाईतर केलेलं समदं जातंय. आन् ही किल्ली फिरवली की बटनांच्या पाटीचं तोंड बंद. मग कुणी कितीबी बडवू दे."

सोनिया टाळी वाजवून हसली. "मामा, तुमी तर इंजनेर झालासा की!"

अर्जुना लाजला. लोकर संस्थेत संगणक आला त्या दिवशी त्यानेच पेटीला भंडारा लावला होता. पण त्या पेटीवरच्या बटणांचा अर्थ त्याला कुणी सांगितला नव्हता. सांगावा असं कुणाला वाटलंही नव्हतं. एकट्या सोनियाला वाटलं. संगणक चालवायला ठेवलेली ही पोर रोज दुपारी भाकरी खाऊन झाली की त्याला समोर बसवायची आणि एकेक बटण शिकवायची.

शिकणं गरजेचंच होतं. सोमवारी सांगलीहून साहेब येणार होते. अर्जुनाला शिपाई म्हणून कायम करायचं की नाही, ते त्यांच्या हातात होतं.

"त्यांनी यंत्राचं इचारलं आन् तू बघत हुबा ऱ्हायलास," चेअरमन कोंडीबा बजावून गेले होते, "तर माझ्यानं काय हुयाचं न्हाई गड्या."

कायम शिपायाला संस्थेमागची खोली मिळायची. हरणाबाईचा, त्याच्या बायकोचा, उभा जन्म मेंढरांमागं गेला होता. आज ह्या रानात चूल, उद्या त्या रानात. वारा आला की अर्धी भाकरी मातीची. ती खोली तिने आताच सारवून ठेवली होती, आणि कोपऱ्यात तीन दगडही मांडले होते.

"भिंतीला पाठ टेकून एकदा जेवायचंय मला," ती म्हणायची. "मागं काय येतंय ते बघायचं न्हाई."

"आता शेवटचं," सोनिया म्हणाली. "पेटीच्या मागं या. पंख्याच्या खाली तांबडं दिसतंय?"

अर्जुनाने मान आत घातली. वायरींच्या गुंत्यात नखाएवढं तांबडं बटण होतं. गवतात गुंज पडावी तसं.

"गावातल्या मोटरा सुटल्या की बल्ब कसा मिणमिणतोय? तवा यंत्राला थोडक्यात भागवाय लागतंय. हे दोनशे तीसवरनं एकशे पंधरावर सरकवायचं. बास."

अर्जुनाला ते चटकन पटलं. "म्हंजी उन्हाळ्यात चारा सरत आला की मेंढरं अर्ध्या पोटावर आणतो आमी. तसंच की!"

"अगदी तसंच. आन् मी जाग्यावर नसले तरी इचारत बसू नगा. साहेबांम्होरंच करा. बघा कसं खूश हुत्यात."

तेवढ्यात बाहेर लुना गाडीचा आवाज आला. सोनियाचा थोरला भाऊ विश्वजित तिला न्यायला आला होता. अर्जुनाने उठून त्याला तांब्याभर पाणी दिलं.

सोमवारी साहेब आले. सोबत त्यांचा इंजिनिअर होता. हारतुरे झाले, नारळ फुटला. सोनिया संगणकापाशी बसून कागद छापून दाखवत होती. साहेब मान डोलवत होते. इतक्यात रानातल्या मोटरा सुटल्या, आणि बल्ब निखाऱ्यासारखा लाल झाला.

सोनिया उठली. "चहाचं बघून येते," म्हणाली.

अर्जुनाने बल्बकडे पाहिलं. त्याची छाती भरून आली.

"साहेब, वीज कमी झालीया. पर काळजी नगं. आपल्याला म्हाईत हाय."

तो वाकला. बोटाने तांबडं बटण खाली सरकवलं.

बार उडाला. पेटीतून धूर उसळला. साहेब खुर्चीसकट मागं सरकले.

इंजिनिअरने पेटीमागं डोकावून पाहिलं. "ह्याला कुणी हात लावला? अहो, हे बाहेरच्या देशातल्या विजेसाठी असतं. आपल्याकडं एकशे पंधरावर टाकलं की जळणारच!"

"कुणी सांगितलं रं तुला हे?" कोंडीबा कडाडले.

दारात सोनिया उभी होती. हातात चहाच्या कपांची ताटली होती. अर्जुनाने तिच्याकडे एकदाच पाहिलं. पोरगी नवी आहे. कुठं काही चुकीचं ऐकलं असेल. आता नाव घेतलं तर तिच्या चुलीत पाणी पडेल.

"कुणी न्हाई," तो म्हणाला. "माजीच अक्कल."

"मेंढरंच राख जा," साहेब म्हणाले. "उद्यापासून इथं दिसू नकोस."

संध्याकाळी हरणाबाईने खोलीतून आपली भांडी उचलली. तीन दगड तिथंच राहिले.

"आवं, पोरीचं नाव का घेतलं न्हाई तुमी?"

"तिलाबी पोट हाय न्हवं? लेकीवानी शिकवलं गं तिनं मला."

हरणाबाईने भांडी डोक्यावर घेतली. पण पुढे आठवडाभर तिने एकच धोशा लावला, एकदा चेअरमनच्या पाया पडून तर बघा. शेवटी अर्जुना गेला.

कोंडीबा अजून आले नव्हते. संस्थेमागच्या खोलीचं दार उघडं होतं, दारात विश्वजितची लुना उभी होती. अर्जुना कचेरीच्या खिडकीशी थांबला. आत संगणक दुरुस्त होऊन पुन्हा मेजावर बसला होता. पेटीमागं विश्वजित गुडघ्यावर वाकला होता, आणि सोनिया त्याला शिकवत होती. तसंच हळू, तसंच मायेनं.

"...आन् ह्या तांबड्याला मातूर कवाच शिवू नगंस, दादा. हितं खाली सरकवलं की बार हुतोय. यंतर बसवलं त्याच दिवशी इंजनेरनं मला सांगून ठेवलंय."