चित्रात एकटीच सरळ

"बघ तर खरं," म्हणत टाउनोने लॅपटॉप ओर्वोक्कीकडे वळवला, आणि त्याचं कोपर तिच्या कपाला लागलं. कॉफी बशीत सांडली. एवढं बोलायला या माणसाला आठवडा लागला होता, तिथे कॉफीचं काय घेऊन बसायचं!

तळ्याकाठच्या नाचाच्या मंडपात रविवारची दुपार भरत होती. वादक अजून वाद्यं जुळवत होते. ओर्वोक्कीला आज नाचायला विचारायचंच, असं टाउनोने ठरवलं होतं. चित्र हे आपलं निमित्त. गेल्या रविवारी त्याने वरच्या सज्जात कॅमेरा लावून दर सेकंदाला एक असे आठ हजार फोटो काढले होते, आणि आठवडाभर घरात एकटं बसून ते एकत्र जोडणारी संगणकाची स्क्रिप्ट लिहिली होती.

"सगळ्यात वरची बारीक पट्टी पहिल्या फोटोतली, तिच्याखालची दुसऱ्यातली, असं पार खालपर्यंत," तो म्हणाला. "एका चित्रात हजारभर पट्ट्या, म्हणजे अठरा मिनिटं मावतात, मग पुढची अठरा. आता चालवतो."

पडद्यावर जोडपी दोरीसारखी पिळत गेली. ओर्वोक्कीला हसू आवरेना.

"अगं बाई! हा आपला रेइयो ना? याला धुऊन पिळला की काय कुणी?"

"जो हलला तो पिळला," टाउनो खुशीत म्हणाला. "जो हलला नाही तो सरळ. आता इकडे बघ."

त्याने भिंतीलगतच्या बायकांच्या बाकावर बोट ठेवलं. तिथे नुसते तुकडे होते. कुणाचा अर्धा झगा, कुणाचं कोपर, एकीच्या मानेवर दुसरीचंच डोकं. पुरुष येऊन विचारत होते, बायका उठत होत्या, परतत होत्या. मधोमध मात्र निळ्या जाकिटातली एक बाई भांगापासून बुटांपर्यंत अख्खी बसली होती.

"तू!" टाउनोचे कान लाल झाले. पुढचं त्याने घरी पाठ केलं होतं. "आठ हजार फोटोंत तू एकटीच अशी सुबक आलीस. एक रेघ हलली नाही. सगळ्या मंडपात बघण्यासारखं काही असेल तर हेच."

ओर्वोक्की बघत राहिली. सगळा मंडप गरगरत होता आणि ती बसून होती.

"त्या दिवशी मला कुणी विचारलंच नाही," ती म्हणाली.

टाउनोच्या मनात आलं, विचारायचं म्हणजे असतं काय? दोन गाणी नाचायचं, मग बाईला तिच्या जागी पोचवायचं, आभार मानायचे. रेइयोसारख्या ठोंब्यालाही ते जमतं.

"तू वर सज्जात होतास ना?"

"हो."

"दुपारभर?"

"अगं, तुझ्यासाठीच तर मी..."

"दोन गाण्यांची तर गोष्ट होती रे, टाउनो."

अकॉर्डियन सुरू झालं. समोरच्या भिंतीकडचे पुरुष बाकाकडे निघाले. टाउनो उभा राहिला, शर्ट खाली ओढला.

"नाचूया?"

ओर्वोक्कीने पर्स उचलली.

"राहू दे," ती म्हणाली. "उगाच हलले तर तुझं चित्र बिघडायचं."