मोठ्या अक्षरांची गोष्ट

भाऊ दुकानात सगळ्यात स्वस्त प्रिंटरवर अडून बसला होता. "ताई, बाबांना आता धड दिसत नाही. ते असं किती वाचणार? उगाच पैसे कशाला घालायचे?"

ताईने दुकानदाराला विचारलं, "याची शाई किती पुरते?"

"शंभरेक पानं. मग नवीन कार्ट्रिज, तीही महागच. हा टाकीवाला घेताना खिशाला जड वाटेल, पण एकदा बाटली ओतली की हजारो पानं निघतात."

बाबांना दिसेल एवढ्या अक्षरात पानावर जेमतेम पाच ओळी मावणार होत्या. ताईने टाकीवाला उचलला.

बाबांनी उभा जन्म छापखान्यात मुद्रितं तपासण्यात घालवला होता. नजर अधू झाल्यापासून ते खिडकीशी गप्प बसून असत; जेवायलाही चार हाका माराव्या लागत. ताईने त्यांच्या आवडीची एक कथा स्वतः टाइप केली, छापली आणि तो जाडजूड गठ्ठा त्यांच्या मांडीवर ठेवला.

बाबांनी पहिलं पान डोळ्यांजवळ धरलं. मग दुसरं. मग तिसरं. भाऊ दारातच थबकला.

एकाएकी बाबा कडाडले, "कोणी टाइप केलंय हे? पाच ओळींत तीन चुका! वेलांट्यांचा नुसता बट्ट्याबोळ! माझं लाल पेन कुठाय?"

ताई हसत हसत पेन आणायला धावली, पण भाऊ तिच्याही आधी कपाटापाशी पोचला होता.