सभेला सात लागतात

म्हैसूरच्या आमच्या समाजाच्या कमिटीत पद्मनाभनं ठराव मांडला, "बायकांचा शिवणवर्ग बंद करून ती खोली गोदामाला द्यावी." चार माना लगेच डोलल्या.

वर्ग चालवणाऱ्या सोयराबाई एकट्या पडल्या. "अण्णा, तुम्ही तरी बोला!"

"अध्यक्षाला मत नसतं," अण्णा कोरडेपणानं म्हणाले.

सोयराबाई तिरीमिरीत उठल्या.

"कूत्कोळ्ळी! बसा खाली!" अण्णा कडाडले. "सभेला सात जण लागतात आणि आपण सातच आहोत. तुम्ही गेलात तर मतदान घेता येणार नाही, सभा तहकूब करावी लागेल. समजलं?"

सोयराबाई क्षणभर अण्णांकडे बघत राहिल्या. मग चपला घालून निघून गेल्या.

"तुम्हीच सांगितलंत की त्यांना!" पद्मनाभ ओरडला.

अण्णांनी चष्मा पुसला. "अध्यक्षाला मत नसतं रे. नियम तेवढे सांगायचे असतात."