दोन डब्यांचे आकडे

इंद्रभाननं दोन्ही डबे खिडकीपाशी धरून तिसऱ्यांदा वाचले. राजमा तोच, कंपनी तीच, वजनही तेच. पण लाल डब्यावर शंभर ग्रॅममागं सोडियम तीनशे वीस मिलिग्रॅम, अन् हिरव्यावर एकशे ऐंशी. आता यातला खरा कोणता मानायचा?

सोडियम म्हणजे मीठच, हे मेहकरच्या डॉक्टर शेखरनी त्याला चांगलं बजावलं होतं. रक्तदाब दोनशेच्या घरात गेला होता. मीठ तोडा, नाहीतर एक दिवस अर्धं अंग लुळं पडेल, असं त्यांनी तोंडावर सांगितलं होतं. घरी येताच बायकोनं, सिंधूताईनं, लोणच्याची बरणी शेजारी देऊन टाकली.

दुसऱ्या कोणाचे डबे असते तर इंद्रभाननं तेही वाटून टाकले असते. पण हे प्रसेनजितचे होते. पोरगा पुण्याच्या डबाबंद मालाच्या कारखान्यात लागला आणि दर महिन्याला डोणगावला भलंमोठं खोकं पाठवू लागला. पोराच्या कष्टाचं अन्न बापानं खायचं नाही, म्हणजे काय?

शेवटी सिंधूताईनं फोन लावला. जयभीम झाला, तब्येतीची चौकशी झाली, मग प्रसेनजितनं नीट समजावून सांगितलं. दोन्ही डब्यांतला राजमा एकाच वेळी शिजलेला. डब्यात पाणी असतं आणि त्यात मीठ असतं. लाल डब्याचा आकडा पाण्यासकट मोजलेला, हिरव्याचा पाणी निथळून, दाणे धुऊन. माल दोन वेगळ्या व्यापाऱ्यांकडे जातो, ज्यानं जसं मागितलं तसं लेबल लागतं. थोडाफार फरक दाण्याच्या जातीनंही पडतो, पण तो किरकोळ.

“आई, पाणी निथळून दाणे दोनदा धूत जा,” तो म्हणाला. “मंग लाल काय अन् हिरवा काय, बाबाले दोन्ही सारखेच.”

झालं. सिंधूताईनं चाळणी हातात घेतली ती सोडलीच नाही. सकाळी एक डबा, संध्याकाळी एक. निथळलेले दाणे, वर जिरं, लिंबू, कोथिंबीर. इंद्रभानचं ताट आधी, आपलं मागून चुलीपाशी, ही तिची चाळीस वर्षांची रीत. मधे एकदा तिनं चपलेचे पट्टे सैल करून घेतले. उन्हानं पाय सुजतात म्हणाली, आणि इंद्रभानला ते पटलं.

तीन महिन्यांनी दोघं मेहकरला गेले. दवाखान्याचा जिना चढताना सिंधूताई दोनदा थांबली. डॉक्टरांनी इंद्रभानच्या दंडाला पट्टा बांधला, आकडा पाहिला आणि खुर्चीला टेकून बसले. एकशे चोवीस! गोळी निम्मी करू म्हणाले.

बायकोचं कौतुक चारचौघांत करणारा हा माणूसच नव्हे, सगळा डोणगाव साक्षीला आहे. पण आज त्याला राहवलं नाही.

“साहेब, गोळ्या तुमच्या असतीन, पण मले हिनं वाचवलं,” तो म्हणाला आणि उपरण्यानं डोळे टिपू लागला. सिंधूताई लाजून भिंतीकडे पाहू लागली. एवढ्या एका वाक्यानं ती चाळीस वर्षांचं भरून पावली होती.

आल्यासरशी काकूंचाही दाब बघू, म्हणत डॉक्टरांनी पट्टा तिच्या दंडाला बांधला. मग दुसऱ्या दंडाला बांधला. मग पुन्हा पहिल्याला. त्यांनी डोकं दुखतं का विचारलं, पायावर बोट दाबून पाहिलं, तिथं खळगा तसाच राहिला. वरून मीठ किती घेता, पापड, चटणी? सिंधूताई म्हणाली, छे, यांचं मीठ बंद झालं तेव्हापासून माझ्या भाजीतही चिमूट पडली नाही. डॉक्टरांनी विचारलं, मग मीठ पोटात जातंय कुठून?

सिंधूताई जराशी हसली.

“पोराच्या डब्यातलं पाणी कोणी मोरीत ओतते काय, साहेब? माही भाकर दोन्ही टायमाले त्यातच कुस्करलेली असते.”